रिकाम्या घरात उसनं गाणं

आलाँ रेने यांचा 'ऑं कोने ला शाँसाँ' हा १९९७ चा फ्रेंच चित्रपट पॅरिसमध्ये घरं बघत फिरणाऱ्या, घरं दाखवणाऱ्या आणि विकणाऱ्या मोजक्या माणसांची गोष्ट सांगतो. इंग्रजी मुलखात तो 'सेम ओल्ड साँग' या नावाने लागला. ओदिलला मोठं, भरपूर उजेडाचं, खिडकीतून अख्खं शहर दिसेल असं घर हवं आहे. तिचा नवरा क्लोद तिच्या मागोमाग येतो आणि मनातलं काही बोलत नाही. तिची धाकटी बहीण कामिय इतिहासात पीएच.डी. करते आणि पोटापाण्यासाठी पर्यटकांना पॅरिस दाखवत हिंडते. मार्क हा देखणा, बोलण्यात पटाईत असा इस्टेट एजंट. त्याच्या हाताखाली काम करणारा सिमाँ नभोनाट्यं लिहितो, कामियवर मनापासून प्रेम करतो आणि ते तिला सांगू शकत नाही. ओदिलच्या जुन्या ओळखीचा निकोला बऱ्याच वर्षांनी पॅरिसला परतला आहे. सिमाँला बरोबर घेऊन तो एकामागून एक घरं बघत राहतो. इथवर ही शहरी मध्यमवर्गाची नेहमीची विनोदी गोष्ट झाली. पण यांतलं कुणीही, बोलता बोलता, एखाद्या लोकप्रिय फ्रेंच गाण्याची ओळ म्हणून जातं. म्हणतं ते मूळ गायकाच्याच आवाजात, जुन्या तबकडीच्या खरखरीसकट. दोन-चार सेकंदांत गाणं तुटतं आणि माणूस पुन्हा साध्या बोलण्यावर येतो, जणू मध्ये काही घडलंच नाही. फ्रान्समध्ये सव्वीस लाखांहून अधिक लोकांनी हा चित्रपट पाहिला, १९९८ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात सेझार पुरस्कार त्याला मिळाले, आणि तरीही त्याच्याविषयी बोलताना बहुतेक जण 'गंमतशीर प्रयोग' एवढंच म्हणून पुढे जातात. मला हा अन्याय वाटतो. उसन्या शब्दांत माणूस खरं बोलू शकतो, आणि स्वतःच्या शब्दांत, एकही वाक्य चुकीचं न बोलता, फसवूही शकतो. हे या चित्रपटाने जितकं नेमकं दाखवलं आहे तितकं फार थोड्या कलाकृतींनी दाखवलं असेल. ते दाखवण्यासाठी घर बघण्या-दाखवण्याचाच व्यवहार त्याने निवडला, हा मला योगायोग वाटत नाही.

चित्रपटाचा पहिलाच प्रसंग घराचा नाही, शहराचा आहे. ऑगस्ट १९४४. पॅरिसचा जर्मन सेनाधिकारी दीत्रिश फॉन कोल्टित्झ आपल्या कार्यालयात टेलिफोनवर हिटलरचा हुकूम ऐकतो : शहर शत्रूच्या हाती जाऊ द्यायचं नाही, आणि गेलंच तर ढिगारा होऊन जायला हवं. कोल्टित्झ फोन ठेवतो. गणवेशातला तो जाडजूड माणूस ओठ हलवतो, आणि त्याच्या तोंडून जोसेफिन बेकरचा आवाज येतो. माझी प्रीती दोन ठिकाणी आहे, एक माझ्या देशावर आणि दुसरी पॅरिसवर, अशा अर्थाचं ते १९३० मधलं गाणं. बेकर अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये जन्मलेली कृष्णवर्णीय कलावती. १९२५ साली ती पॅरिसला आली आणि पुढे युद्धकाळात तिने फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी काम केलं. नाझी राजवटीला जिचं अस्तित्वच नकोसं होतं तिचा आवाज नाझी सेनापतीच्या तोंडात आहे. प्रेक्षागृहात हसू फुटतं, ते या विजोडपणाचं. पण हसता हसता लक्षात येतं की या माणसाच्या मनात त्या घडीला काही चाललं असलंच तर त्याला याहून अचूक शब्द मिळाले नसते. गाणं त्याचं नाही. आवाज, भाषा, देह, इतिहास, काहीच त्याचं नाही. तरी त्या ओळीत जी ओढ आहे ती त्या प्रसंगात पुरती मावते. पुढच्याच क्षणी आपण वर्तमानात येतो, आणि कळतं की ही हकिकत कामिय आपल्या पर्यटकांना सांगते आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. पॅरिस वाचवल्याचं श्रेय कोल्टित्झने पुढे स्वतःच स्वतःकडे घेतलं. इतिहासकार ते जसंच्या तसं मान्य करत नाहीत. त्याच्याकडे शहर उद्ध्वस्त करण्याएवढं बळ आणि वेळ होता का, इथपासून शंका आहेत. शिवाय ब्रिटिशांच्या कैदेत असताना त्याची संभाषणं चोरून ध्वनिमुद्रित झाली, आणि ज्यूंच्या संहाराचे हुकूम आपण काटेकोरपणे पाळल्याची कबुली त्यांत आहे. अशा माणसाला हळव्या गाण्याचं भाग्य का द्यावं? छळछावण्यांवर 'नाइट अँड फॉग'सारखा, आजही पाहताना छाती दडपणारा अनुबोधपट करणाऱ्या रेने यांच्याकडून तर हे मुळीच अपेक्षित नाही. मला वाटतं, दंतकथा आहे तशी उचलून रेने यांनी इथे सोपा मार्ग धरला, आणि ही या चित्रपटातली उणीव आहे. पण गाण्याचं काय, हा प्रश्न उरतोच. गाणं त्या माणसाला निर्दोष ठरवत नाही. बेकरचा आवाज त्याच्याहून इतका मोठा आहे की तो त्याच्यात मावत नाही, बाहेर उरतो, आणि जे उरतं त्याच्याकडेच आपलं लक्ष जातं. कोल्टित्झ पडद्यावरून जातो, आवाज कानात राहतो. हे उरलेपण पुढे संपूर्ण चित्रपटभर कामाला येतं.

मराठी प्रेक्षक यावर सहज म्हणेल, यात नवल ते काय? नट ओठ हलवतो आणि गाणारं कुणी दुसरंच असतं, हे आपण बोलपटांच्या पहिल्या काही वर्षांनंतर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. पुरुषाच्या गळ्यातून स्त्रीची व्यथा ऐकायला तर आपण बालगंधर्वांपाशीच शिकलो. आक्षेप रास्त आहे. पण पार्श्वगायनाची सगळी कारागिरी सांधा लपवण्यात आहे. गाणं त्या पात्रासाठी, त्या प्रसंगासाठी लिहिलेलं असतं, गायिकेचा आवाज नायिकेच्या चेहऱ्याला शोभावा म्हणून धडपड असते, आणि कडवी पूर्ण होईपर्यंत गोष्ट खोळंबून राहते. रेने सांधा उघडा ठेवतात. गाणं पात्रासाठी लिहिलेलं नाही, ते पात्राच्या जन्माआधीचंही असेल. बाईच्या तोंडी बाप्याचा आवाज येतो, बाप्याच्या तोंडी बाईचा, आणि ध्रुवपद पुरतं व्हायच्या आत सगळं संपतं. आपल्याकडे याच्याशी खरं नातं सांगणारी गोष्ट सिनेमात सापडत नाही, ती संगीत नाटकाच्या जुन्या छापील पुस्तकांत सापडते. तिथे पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून कुठल्या तरी ठाऊक असलेल्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' रचलं ते लोकांच्या कानात आधीच बसलेल्या अशा चालींवर. भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर'च्या पदांसाठी ख्यालगायकीतल्या बंदिशींचा आधार घेतला. रुक्मिणीचं मन दुसऱ्याच्या चालीत उलगडतं म्हणून ते खोटं आहे, असं आपल्यापैकी कुणालाही वाटलेलं नाही. उसनवारीची लाज आपल्या रंगभूमीला नव्हती, उलट पदावर चालीचा उल्लेख छापण्याइतका प्रामाणिकपणा होता.

आता घराकडे येऊ. घर दाखवणं हा व्यवहार नीट पाहिला तर त्यात एक विलक्षण गोष्ट घडते. एजंट कुलूप काढतो, दिवा लागतो का बघतो, खिडकी उघडतो. खोली रिकामी असते. भिंतीवर आधीच्या कपाटाची फिकट चौकट, खिळ्यांची भोकं, बाकी काही नाही. तरी आत आलेला माणूस पाचव्या मिनिटाला बोलू लागतो : इथे पलंग, इथे जेवणाचं टेबल, मुलांचा अभ्यास या कोपऱ्यात. अजून जे जगणं सुरूच झालेलं नाही त्याचं तो वर्णन करत असतो, आणि त्यासाठीची भाषा त्याच्यापाशी स्वतःची नसते. जाहिरातीतून, मासिकांतल्या चित्रांतून, बहिणीच्या किंवा मित्राच्या घरातून ती आलेली असते. माणूस रिकाम्या जागेत उभा राहून उसनं स्वप्न म्हणतो. अशा वेळी त्याने दोन ओळी गाऊन टाकल्या तर मला ते बोलण्याहून अधिक स्वाभाविक वाटतं. कारखाना, न्यायालय किंवा रुग्णालय यांपैकी कुठेही रेने यांची ही युक्ती इतकी बेमालूम बसली नसती.

निकोलाची भटकंती पाहा. तो घर विकत घेत नाही, नुसतं बघतो. प्रत्येक घरात काही ना काही कमी निघतं. सिमाँ एजंटाला न शोभणाऱ्या धीराने त्याला पुढचं घर दाखवतो. हळूहळू कळतं की दोष घरांत नाही. बायको आणि मुलं येतील, त्यांच्यासाठी जागा शोधायची, असं तो सांगतो, पण ते येणार की नाही याची त्याला स्वतःलाच खात्री नाही. जागा पसंत केली की त्या प्रश्नाला तोंड द्यावं लागेल, म्हणून पसंती पुढे ढकलत राहायची. मधल्या वेळात तो एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातो, अंगात काहीतरी बिघडलंय ही समजूत घेऊन. तेव्हा त्याच्या तोंडी गास्तों उव्रारचं १९३० च्या दशकातलं धमाल गाणं येतं. त्यात एक माणूस आपल्या शरीराच्या एकेका अवयवाचं रडगाणं श्वास न घेता म्हणत सुटतो. सभागृहं हसवण्यासाठी केलेलं हे गाणं निकोला साकारणाऱ्या झाँ-पिएर बाक्रीच्या त्या कायम वैतागलेल्या चेहऱ्यावर येतं तेव्हा हसू येतंच, पण त्याची भीतीही दिसते. निकोलाने तीच भीती गद्यात सांगितली असती तर आपण त्याला किरकिरा म्हणून सोडून दिलं असतं. आणि त्याची बायको अखेर भेटते ती गायिका-अभिनेत्री जेन बर्किनच्या रूपात. बर्किन ओठ हलवते ते स्वतःच्याच, १९८० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणावर. स्वतःचाच आवाज, पण बारा-एक वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या कुणी लिहिलेल्या शब्दांतला. आपला म्हणावा असा आवाज तरी पुरता आपला कुठे असतो, हा प्रश्न तिथे एका वाक्याचंही स्पष्टीकरण न देता उभा राहतो.

मार्कची गोष्ट वेगळी. कामियला पहिल्या भेटीत त्याच्या डोळ्यांत पाणी दिसतं आणि हा माणूस किती हळवा आहे, असं वाटून ती प्रेमात पडते. त्याला सर्दी झालेली असते. मार्क तिला फसवत नाही, तो फक्त तिचा गैरसमज दूर करत नाही. आणि अगदी हेच तो ओदिलच्या बाबतीत करतो, फक्त तिथे पैसे गुंतलेले आहेत. ओदिलला जे घर मनात भरतं ते त्याच्या खिडकीमुळे. त्या खिडकीतून पॅरिस लांबवर पसरलेलं दिसतं. समोर लवकरच इमारत उभी राहणार आहे आणि हे दृश्य जाणार आहे, ही माहिती मार्क दाबून ठेवतो. 'हा नजारा कायम राहील' असं खोटं वाक्य उच्चारायची त्याला गरज नाही. ओदिलला खिडकीपाशी नेऊन उभं केलं, बाजूला सरलं आणि गप्प राहिलं की पुरे. चित्रपटातली सगळ्यात मोठी लबाडी ही अशी निःशब्द आहे. जे शब्द उसने आहेत, ज्यांच्यावर दुसऱ्यांच्या आवाजाचा शिक्का आहे, ती गाणी बहुतेक वेळा माणसाच्या पोटातलं ओठावर आणतात. जे बोलणं सफाईदार, प्रसंगाला साजेसं आणि पात्राचं स्वतःचं आहे त्याच्या आड फसवणूक बसलेली असते. मार्कही गातो, आणि गातो तेव्हा तोही इतरांइतकाच उघडा पडतो. म्हणजे इथे चांगली माणसं आणि वाईट माणसं अशी वाटणी नाही. प्रश्न आहे तो, सांगायला हवं ते कुणी राखून ठेवलं, याचा.

कायद्यालाही हे फार पूर्वीच उमगलेलं आहे. फ्रेंच न्यायालयं १९७० च्या दशकापासून असं मानत आली आहेत की विकणाऱ्याने महत्त्वाची माहिती ठाऊक असूनही जाणूनबुजून मौन पाळलं, तर ते मौन हीच फसवणूक, आणि तेवढ्यावरून व्यवहार रद्द होऊ शकतो. आपल्याकडच्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या बाराव्या कलमात जाहिरातीबरोबर नमुना सदनिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे. सॅम्पल फ्लॅट पाहून पैसे भरले आणि ताबा घेताना निराळंच निघालं, तर ग्राहकाला भरपाई मागता येते, हवं तर व्यवहारातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागता येतात. मुंबई-पुण्यात सॅम्पल फ्लॅटमध्ये मुद्दाम लहान केलेला पलंग आणि दारं काढून टाकलेल्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या कलमाचं मोल सांगायला नको. पण शेजारच्या भूखंडावर उद्या काय उठेल याची हमी हा कायदाही देत नाही, आणि 'ओपन व्ह्यू' हे दोन शब्द ब्रोशरवर छापले जातच राहतात. दृश्य कुणाच्याच मालकीचं नसतं, तरी त्याची किंमत चौरस फुटात मिळवून घेतलेली असते. रेने यांनी नेमकी हीच जागा पकडली. आणि खिडकीतून ओदिलला जे पॅरिस दिसतं ते तेच, जे १९४४ साली ढिगारा व्हायचं होतं. तोफा आणि सुरुंगांतून उरलेलं शहर बांधकामाच्या एका परवान्यापुढे खिडकीतून नाहीसं होणार, हे चित्रपट कुठेही मोठ्याने सांगत नाही. दोन टोकांना दोन गोष्टी ठेवून देतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. माणसांना भावनेच्या ऐन क्षणी बाजारातली गाणीच आठवत असतील, तर ती माणसं आतून पोकळ आहेत, असंच हा चित्रपट सांगतो ना? बऱ्याच जाणत्या लोकांनी तो असा वाचला आहे : मध्यमवर्ग, त्याची ठरीव स्वप्नं, ठरीव घरं, ठरीव गाणी, आणि त्यावर एका हुशार दिग्दर्शकाचं उपहासाचं हसू. मला हे वाचन पटत नाही, आणि न पटण्याचं कारण कामिय आहे. या सगळ्यांत स्वतःचं म्हणता येईल असं काम एकटीने केलं आहे ते तिने. फ्रान्समधल्या पालाद्र्यू तळ्याकाठी इसवी सन १००० च्या सुमारास राहणारे शेतकरी-सरदार हा तिचा प्रबंधविषय. उसनं काही नाही, वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण विषयाचं नाव सांगितलं की समोरच्याला पुढे काय बोलावं ते सुचत नाही. प्रबंध पार पडतो, सगळे अभिनंदन करतात, आणि ती खचते, तिचा जीव घाबरा होतो, तिला कारण सापडत नाही. अस्सल, स्वतंत्र, कुणाचीही नक्कल नसलेली गोष्ट तिच्यापाशी आहे, पण तिच्यातून तिला दुसऱ्या माणसापर्यंत जाता येत नाही. गाणी ते करतात. गायिका फ्रान्स गालचं गाणं ओदिलच्या तोंडी येतं तेव्हा लाखो लोकांनी आपापल्या स्वयंपाकघरात ते आधीच म्हटलेलं असतं, आणि म्हणूनच ते ओदिलला एकटं ठेवत नाही. ठरीव शब्दांना आपण हलके समजतो ते ते पुष्कळ तोंडांतून गेलेले असतात म्हणून. माझ्या मते त्यांची ताकद तिथेच आहे. शेवटाकडे सिमाँ आणि कामिय एकमेकांना आपापल्या खिन्नतेबद्दल साधेपणाने सांगतात तेव्हा संवाद विलक्षण मोकळा होतो, पण इतकी सगळी गाणी वाटेत येऊन गेल्यावाचून ती दोघं तिथवर पोचली असती, असं मला वाटत नाही.

ही दृष्टी रेने यांना जिथून मिळाली ते ठिकाणही त्यांनी लपवलेलं नाही. चित्रपट डेनिस पॉटर या ब्रिटिश नाटककाराला अर्पण केला आहे. पॉटरने बीबीसीसाठी लिहिलेल्या १९७८ च्या 'पेनीज फ्रॉम हेवन' आणि १९८६ च्या 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' या मालिकांत माणसं अशीच जुन्या तबकड्यांच्या आवाजात गातात. बाजारू म्हणून हिणवलेल्या गाण्यांची तुलना पॉटर बायबलमधल्या स्तोत्रांशी करत असे, आणि ती त्याची मनापासूनची श्रद्धा होती. त्याची पात्रं बहुधा अख्खं गाणं म्हणतात. रेने आणि त्यांचे पटकथाकार आन्येस जावी आणि बाक्री यांनी ते तोडून ओळीवर आणलं, म्हणजे गाणं संवादात मिसळलं. मार्गेरित द्युरासबरोबर 'हिरोशिमा मोनामूर' करणारा दिग्दर्शक पंचाहत्तराव्या वर्षी आकाशवाणीवरच्या लोकप्रिय गाण्यांकडे इतक्या आदराने वळतो, याचं मला फार अप्रूप आहे.

राहिला शेवटचा प्रश्न : ज्याला ती फ्रेंच गाणी ठाऊक नाहीत त्याने हा चित्रपट का पाहावा? नुकसान होतं हे खरंच. ओळ कानावर पडताच फ्रेंच प्रेक्षकाच्या मनात जे सगळं जागं होतं ते आपल्यात होत नाही, आणि उपशीर्षकं ती उणीव भरून काढत नाहीत. पण पॉटरचा इंग्रजी घाट फ्रेंचमध्ये इतका सहज रुजला, तेव्हा तो मराठीतही रुजेल. आपल्याकडे भावगीतांचा साठा आहे, गजानन वाटव्यांपासून मालती पांड्यांपर्यंतचे आवाज आहेत, लावण्या आहेत, आणि डोंबिवलीपासून वाकडपर्यंत दर रविवारी घरं बघत फिरणारी कुटुंबंही आहेत. करणाऱ्याने मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क तेवढे आधी मिळवावेत, आणि खर्च वाचवण्यासाठी गाणी नव्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेऊ नयेत. खरखर स्वच्छ केली की आवाज पात्राचाच वाटू लागेल, आणि मग दाखवण्यासारखं काही उरणार नाही.